पानाला मुळं फुटली, रोप का फुटेना?

रेवाची_गच्ची
१२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. मी झाडांतली जाणकार नाही. राजेंद्रनगरात घर, वर गच्ची, गच्चीवर तीसेक गमले. (पुणे-मुंबईकरांनो, इंदुरात गमलाच म्हणतात. कुंडी म्हटलं की इथला माणूस दाराच्या कडीकडे बघतो.)

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी वृंदावनाला गेरू लावायला जागा करत होते. कोपराचा धक्का लागला आणि एकेव्हेरियाचा गमला कठड्यावरून खाली. दगडी कमळासारखं दिसणारं, निळसर जाड पानांचं ते झाड. दोन वर्षं जपलेलं. गमल्याच्या ठिकऱ्या झाल्या आणि माळ तुटून मणी घरंगळावेत तशी पानं फरशीभर पसरली. इंटरनेटवर सगळे छातीठोकपणे सांगतात की सक्युलंटचं, म्हणजे अशा जाड, रसाळ पानांच्या झाडाचं, एक पान म्हणजे एक रोप, नुसतं मातीवर टाका आणि विसरून जा. म्हणून धडकी पानं वेचून घेतली. खोडावर जी उरली होती तीही काढली. एकूण २३ भरली.

शेवेच्या मोठ्या डब्याचं झाकण घेतलं, त्याला भोकं पाडली, तीन दिवस पानं सावलीत तशीच कोरडी ठेवून मग मातीवर ओळीने मांडली. आज नऊ आठवडे झाले. हिशेब असा:

५ सडली. पिवळी, काचेसारखी आरपार, बोट लावलं की पिचकन फुटायची.
४ सुकून बोरकुटाच्या बोरांसारखी झाली.
८ पानांच्या बुडाशी मुगाएवढी इवलीशी कमळं आलीत. सकाळचा चहा हल्ली मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून पिते.
उरली ६. या सहांनी डोकं खाल्लंय. मुळं भरपूर, गुलाबी केसांसारखी, दीड-दीड इंच. पान टवटवीत. पण कोंबाचा पत्ता नाही.

त्यात जुनं दुखणं आहेच. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने बायपासजवळच्या एका नर्सरीतून होया आणला होता. बदामाच्या आकाराचं एकच जाड पान, चिमुकल्या गमल्यात उभं खोचलेलं. "याचा वेल होईल, भाभीजी" असं नर्सरीवाला म्हणाला होता. तीन वर्षं तेच एक पान आहे. मी त्याची धूळ पुसते.

हे काय गौडबंगाल आहे?

पोहेवाला_भिया
१२ जानेवारी, रात्री १०:१५

तीन वर्षांत एक पान म्हणजे आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या कामापेक्षा बरा वेग आहे.

गंमत सोडा. माती कुठली? इंदुरात सक्युलंट मरण्याचं पहिलं कारण माती, दुसरं कारण प्रेम. प्रेम म्हणजे रोजचं पाणी.

रेवाची_गच्ची
१२ जानेवारी, रात्री १०:३२

पोहेवाले, पकडलंत. पहिल्या झाकणात सांवेरच्या शेतातली काळी माती होती, शेणखत घालून. सडलेली पाचही त्यातलीच. ओली झाली की लोण्यासारखी, वाळली की तडे. दहाव्या दिवशी सगळं उपसून नर्मदेची जाड रेती, विटांचा चुरा आणि थोडं कोकोपीट असं केलं. त्यानंतर एकही सडलं नाही. पाणी दोन-तीन दिवसांनी, स्प्रेने, मुळांच्या बाजूला.

पण ती सहा पानं नव्या मिश्रणातच आहेत, आणि कमळं आलेली आठही त्याच झाकणात शेजारी बसली आहेत. म्हणजे माती तीच, ऊन तेच, पाणी तेच.

निवृत्त_चॉक
१३ जानेवारी, सकाळी ७:०५

रेवा, तुझा धागा वाचून जुना वर्ग आठवला. मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता रामबागेत नातवंडं सांभाळते.

बी रुजतं तेव्हा मूळ आणि कोंब एकाच गाठोड्यात बांधून आलेले असतात. त्यामुळे आपली समजूत अशी झालेली असते की मूळ दिसलं म्हणजे कोंब वाटेवर आहे. पानाच्या बाबतीत हे दोन वेगळे कारभार आहेत. पहिला झाला म्हणून दुसरा होईलच असं नाही.

आधी मुळाचं बघू. पानात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते पानाकडून देठाकडे, म्हणजे बुडाच्या दिशेने वाहतं. झाडावर असताना ते पुढे खोडात जातं. पान तुटलं की पुढचा रस्ता बंद, मग ते तुटल्या जागी साचतं. जखमेवर खपली धरते आणि साचलेल्या ऑक्सिनमुळे तिथल्या पेशी मुळं घडवू लागतात. कित्येक झाडांची पानं एवढं काम करू शकतात.

कोंब घडवायचा तर अशा पेशी हव्यात ज्यांनी "मी आता पान झाले, माझं ठरलं" असं अजून म्हटलेलं नाही. पाठ्यपुस्तकात आपण त्यांना विभाजी ऊती म्हणायचो. एकेव्हेरिया, सेडम, ग्रॅप्टोपेटॅलम ही मंडळी पानफुटीच्या कुळातली, क्रॅसुलेसी. यांच्या पानात कोंब देऊ शकणारी जागा अगदी बुडाशी असते, जिथे पान खोडाला चिकटलेलं असतं तिथे. नखाच्या कडेएवढी पट्टी म्हण. ती पट्टी पानाबरोबर आली तर कोंब येतो. ती खोडावरच राहिली तर पान मुळं काढतं, पाणी पितं, महिनोन्‌महिने जगतं, आणि तेवढंच.

म्हणून माझा प्रश्न मातीचा नाही. ती सहा पानं खोडावरून कशी काढली होतीस?

लष्करवाला
१३ जानेवारी, दुपारी १:२०

ग्वाल्हेरहून नमस्कार. काकू अगदी मुद्द्यावर आल्यात, मी फक्त हाताचं सांगतो. पान ओढायचं नाही, कापायचं नाही. अंगठा आणि तर्जनीत बुडाजवळ धरून डावीकडे-उजवीकडे हळू डोलवायचं. 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि पान सुटतं. सुटलेल्या बुडाला स्वच्छ, बंद, पांढरट चंद्रकोर दिसली पाहिजे. ओला, फाटका तुकडा दिसला तर ते पान बाद धरा.

आणि मोसम. माळव्यात तुम्हाला बरंय, आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर ठेवलेलं पान दोन दिवसांत भाजल्या पापडासारखं होतं. पावसाळ्यात उलट, हवाच इतकी दमट की खपली धरायच्या आत बुरशी. मी दिवाळी ते होळी एवढ्याच काळात पानं लावतो. उरलेलं वर्ष फक्त बघत बसतो.

पाण्यावर मुळं काढायचा प्रकारही करून झालाय. पेल्यावर प्लास्टिक ताणून त्यात भोकं पाडून पानं खोचायची, बूड पाण्याच्या जरा वर. मुळं सुरेख येतात, फोटोही सुरेख येतात. मातीत लावलं की ती नाजूक मुळं निम्म्याहून अधिक वेळा गळून जातात आणि पानाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मग पेल्याची हौस कशाला?

पुणेरी_शेवगा
१३ जानेवारी, दुपारी ३:४८

एवढं कशाला? रूटिंग पावडर लावा. दालचिनीची पूड, मध, कोरफडीचा गर, काहीही चालतं. मी गुलाबाच्या काड्यांना लावतो, शंभर टक्के लागतात.

निवृत्त_चॉक
१३ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

शेवगासाहेब, गुलाबाच्या काडीवर डोळे असतात. म्हणजे कोंब तयारच आहे, फक्त मूळ हवंय. तिथे पावडर चालेल. रूटिंग पावडरीत सहसा इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, तेही ऑक्सिनच. रेवाच्या सहा पानांना मुळांची कमतरता कुठे आहे?

१९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातल्या गाभ्यावर काम करून हेच दाखवलं. ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही दोन संप्रेरकं. पहिलं जास्त झालं तर त्या पेशींच्या गोळ्यातून मुळं निघतात, दुसरं जास्त झालं तर कोंब, बेताचं असलं तर नुसता गोळा वाढत राहतो. म्हणजे मुळं असून कोंब नसलेल्या पानाला आणखी ऑक्सिन देणं म्हणजे तहानलेल्याला शंकरपाळी देणं.

दालचिनी बुरशी रोखायला थोडीफार मदत करते, मध पोळीशी छान लागतो.

पुणेरी_शेवगा
१३ जानेवारी, संध्याकाळी ५:५२

शंकरपाळीवरून आठवलं, दिवाळीची अजून शिल्लक आहेत. मुद्दा मान्य, शंभर टक्के शब्द मागे घेतो.

रेवाची_गच्ची
१३ जानेवारी, रात्री ९:१०

चॉककाकू, तुमचा प्रश्न वाचून आत्ता मोबाईलच्या उजेडात गच्चीवर जाऊन आले. बाहेर गारठा मरणाचा.

आठही कमळांची बुडं बघितली. सगळ्यांना ती चंद्रकोर आहे, आता सुरकुतलेली. ही बहुतेक पडल्यावर आपोआप सुटलेली पानं. धक्क्यानेच सुटली, माझा हात लागलाच नाही.

सहांपैकी चारांची बुडं सरळ रेषेत कापलेली दिसतात. आठवलं. खोडावर जी पानं घट्ट होती ती मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने छाटली होती, तीच कोथिंबिरीची कात्री, आणि मनात म्हटलंही होतं की बघा किती स्वच्छ काम. उरलेल्या दोनांचं शपथेवर सांगता येत नाही. कोर आहे, पण एका बाजूने फाटल्यासारखी.

मग त्या चारांची आशा सोडायची का? आणि होया? तो तर कुणी कात्रीने कापलेला नाही, छान देठासकट आहे.

निवृत्त_चॉक
१४ जानेवारी, सकाळी ६:५०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

चार कापलेल्यांची आशा सोड. जिवंत राहतील, महिनोन्‌महिने टवटवीत दिसतील, आणि तूही त्यांच्याकडे बघत राहशील. फाटक्या कोरेच्या दोनांना ठेव. पट्टीचा एखादा कोपरा पानाबरोबर आला असेल तर पुरतो.

होयाचं कुळ वेगळं, रुईचं. त्या बदामी पानाला देठ आहे, पण देठ म्हणजे पानाचाच भाग. होयात नवा कोंब खोडाच्या पेरावरून निघतो, पानाच्या बगलेत डोळा असतो तिथून. तुझ्या पानाबरोबर पेर आलेलंच नाही. मूळ मात्र फुटलंय, म्हणून ते हिरवं आहे. असं पान पाच-सहा वर्षंही राहू शकतं, वेल कधी होत नाही. क्वचित एखाद्या गमल्यात देठाला खोडाचा इंचभर तुकडा चिकटून येतो, त्यांचं नशीब उघडतं. एकदा माती उकरून बघ. देठाखाली आडवा तुकडा नसेल तर नवऱ्याला सांग, प्रेम चिरंतन आहे, वाढत मात्र नाही.

नर्सरीवाल्याला हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. फेब्रुवारीत अशी बदामं टोपलीने विकतात.

पोहेवाला_भिया
१४ जानेवारी, सकाळी ९:०२

"वाढत मात्र नाही." काकू, आज संक्रांतीला गोड बोलायचं असतं.

बडोद्याची_माहेरवाशीण
१४ जानेवारी, दुपारी २:४०

मला एक शंका. आमच्याकडे स्नेक प्लांट आहे. त्याचं पान मी मधूनच चार-चार बोटांच्या तुकड्यांत कापलं, बूड नाही, पट्टी नाही, काही नाही. तरी चार महिन्यांनी तुकड्यांच्या पायथ्याशी टोकदार कोंब आले. मग काकूंच्या नियमाचं काय? शिवाय मूळ झाडाला पिवळी किनार होती, पिल्लं मात्र साफ हिरवी. चोरीचा माल निघावा तशी.

दुसरं, पानफुटीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजोबा तिचं पान दोऱ्याने खिडकीच्या गजाला टांगायचे. माती नाही, पाणी नाही. आठ-दहा दिवसांत पानाच्या कडेला, प्रत्येक खाचेत, मोहरीएवढं हिरवं टोक. मग दोन इवली पानं, मग पांढरी मुळं हवेत लोंबायला लागायची. आम्ही भावंडं खाचा वाटून घ्यायचो. माझ्या खाचेतलं रोप आधी आलं की तुझ्या. हे सगळं मधल्या काळात विसरूनच गेले होते.

निवृत्त_चॉक
१४ जानेवारी, रात्री ८:१५

उत्तम शंका. नियम एकेव्हेरियाच्या घराण्याचा आहे, सगळ्या जगाचा नाही. स्नेक प्लांटच्या पानातल्या पेशींना कापल्या जागी पुन्हा कोवळं होता येतं, तिथून आधी मूळ, मग जमिनीखाली जाड कंद, मग कोंब. म्हणून इतके महिने लागतात. त्यातही तुकडा उलटा खोचला तर काही येत नाही, कारण ऑक्सिनची वाट ठरलेली आहे. कापतानाच खालच्या बाजूला तिरका छेद द्यावा, म्हणजे गोंधळ होत नाही. झीझी प्लांटही असाच, एका पानाखाली बटाट्यासारखी गाठ धरून महिनोन्‌महिने गप्प बसतो. कोरफड आणि घायपाताच्या पानातून मात्र काही होत नाही, ते बगलेतून आलेल्या पिल्लांनीच वाढवायचे.

पिवळ्या किनारीचं असं, की ते झाड एकसंध नाही. पिवळ्या आणि हिरव्या पेशींचे थर शेजारी नांदत असतात. नवा कोंब ज्या थरातून घडला त्या थराचा रंग घेतो. किनार हवी असेल तर कंदच वाटून लावायचा.

आता पानफुटी. तिचं सगळं उलटं आहे. एकेव्हेरियात पान तुटल्यावर तयारीला सुरुवात होते. पानफुटीत पान झाडावर कोवळं असतानाच कडेच्या प्रत्येक खाचेत एकेक मुकुल तयार होऊन झोपलेला असतो. पान झाडावर आहे तोवर तो बहुधा झोपून राहतो. पान तुटलं, खाली पडलं, की जागा होतो. म्हणून आजोबांच्या गजावर माती लागली नाही. अन्न आणि पाणी त्या जाड पानातच होतं.

या झाडाच्या प्रेमात पडलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे गटे. शाकुंतलाने भारावलेला तोच जर्मन कवी. तो पानफुटी वाढवायचा आणि मित्रमैत्रिणींना तिची पानं, रोपं भेट द्यायचा. जर्मनीत तिला आजही त्याच्या नावाने ओळखतात. झाड मूळचं मादागास्करचं, पण आपल्याकडे इतकं रुळलं की कुणी परकं म्हणत नाही. हिंदीत पत्थरचट्टा.

आणि पाणी नसताना ते पान तग कसं धरतं, याची एक जुनी खूण भारतातच सापडली. बेंजामिन हायने हा मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने पानफुटीचं पान सकाळी चघळलं तर आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट लागलं. त्याचं ते पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापलं. कारण पुष्कळ नंतर उलगडलं. ही झाडं दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा उजेडात तो वापरतात. भर उन्हात रंध्रं बंद, म्हणून पाणी उडत नाही. रेवाच्या झाकणातली पानं मुळं येईपर्यंत तीन-चार आठवडे काढू शकली ती या काटकसरीवर.

मी वर्गात चाखायला द्यायची नाही. पहाटे तोडलेलं एक पान, आदल्या संध्याकाळचं एक, दोन्ही खलात वेगवेगळी ठेचायची आणि रसात आम्लता मोजायची पट्टी बुडवायची. दोन पट्ट्यांचे दोन रंग बघून मागच्या बाकावरचीही मुलं पुढे यायची.

सुदामानगरी
१५ जानेवारी, सकाळी ११:२५

चाखायला का नाही? आमचे काका मूतखड्यासाठी पत्थरचट्ट्याची दोन पानं रोज उपाशीपोटी खातात.

निवृत्त_चॉक
१५ जानेवारी, दुपारी १२:४०

बरेच लोक खातात, ठाऊक आहे. पण या गटातल्या झाडांत बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात आणि ती हृदयावर काम करतात. ही झाडं चरून गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. काकांना आधीच हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, आजच. आणि पत्थरचट्टा, पाषाणभेद ही नावं वेगवेगळ्या झाडांना लावतात, तेही बघा. यापुढे औषधाचा विषय या धाग्यावर नको.

कचरागाडीची_वाट
१५ जानेवारी, रात्री १०:०५

औषधाचा नाही, उपद्रवाचा विषय चालेल का?

दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने पानफुटीची एक बहीण दिली. लांबट पानं, खालून जांभळे पट्टे, आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही कडांना झालरीसारखी चिमुकली रोपं, प्रत्येकाला स्वतःची दोन पानं आणि मुळांचे धागे. पान झाडावरच, तुटायची वाट बघत नाही. इंग्रजीत 'हजारोंची आई' म्हणतात. मी म्हटलं किती छान. सहा महिन्यांत गुलाबाच्या गमल्यात ती, मोगऱ्यात ती, कूलरच्या ट्रेमध्ये ती, पायरीच्या भेगेत ती. वैतागून उपटली आणि घरच्या कंपोस्टच्या पिंपात टाकली. चूक नंबर दोन. मार्चमध्ये ते खत सगळ्या गमल्यांना वाटलं. चूक नंबर तीन. आता आमच्या गच्चीवर दुसरं काही उगवतच नाही. इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करायची आम्हाला एवढी सवय, की हिला ओल्यात टाकताना हात अडखळतो, खतात जाऊन कुणाच्या बागेत निघेल! कडक उन्हात काळ्या पिशवीत बांधून पुरती वाळवते, मगच टाकते.

हिच्याबद्दल वाचलेलं एक सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत नीलिमा सिन्हा यांच्या गटाने २००७ मध्ये हिच्या जनुकांवर काम प्रसिद्ध केलं. बीजात गर्भ घडवण्याच्या कामाची यंत्रणा हिने पानाच्या कडेला आणून बसवली आहे. त्या यंत्रणेतलं एक जनुक हिच्यात तुटकं आहे आणि धडधाकट बी काही हिला धरता येत नाही. बी नाही म्हणून पानाच्या कडेने वंश चालवते.

लष्करवाला
१६ जानेवारी, सकाळी ८:३०

कचरागाडी, एक रोप पाठवा ना. ग्वाल्हेरच्या मे महिन्यापुढे कोण टिकतं ते बघू.

कचरागाडीची_वाट
१६ जानेवारी, सकाळी ८:४१

पत्ता सांगा. एक नाही, तगारीभर पाठवते.

रेवाची_गच्ची
२ मार्च, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतेय, कळवायचं राहिलं होतं.

होयाची माती उकरली. देठ सरळ खाली गेलेला, टोकाला मुळांचा झुपका, आडवा तुकडा वगैरे काही नाही. नवऱ्याला काकूंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, मग त्याची धूळ आता मी पुसेन.

आठ कमळांपैकी सात जगली, एक खारीने नेलं. मोठं आता रुपयाएवढं झालंय. आईपानं एकेक करून सुरकुतत गेली, शेवटी कागदासारखी पातळ झाली आणि बोट लागताच सुटली. लवकर ओढून काढायचा मोह फार होत होता, पण लष्करवाल्यांनी व्यक्तिगत निरोपात दम दिला होता की पिल्लू त्याच पानावर जेवतंय, ताट ओढू नका.

फाटक्या कोरेच्या दोनांपैकी एकाला पंधराव्या आठवड्यात कोंब आला. बुडाच्या मधोमध नाही, अगदी एका टोकाला, जिथे कोर शाबूत होती तिथे. वाकडं बसलंय बिचारं, पण आहे. दुसऱ्याचं अजून काही नाही. कात्रीची चार टवटवीत आहेत, काकूंनी सांगितलं तशी.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. परवा होळीआधी गच्ची आवरताना सासूबाईंनी हाक मारली, "हे तुझं काय आहे गं वृंदावनामागे?" पडलेल्या एकेव्हेरियाचं खोड. पानं काढून झाल्यावर माझ्या लेखी ते बोटभर बोडकं लाकूड होतं, मी सुक्या पानांबरोबर केराला लावलं होतं. त्यांनी ते उचलून वृंदावनामागच्या फुटक्या पणतीत, रेतीत खोचून ठेवलं होतं. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी हिरवं काही फेकायचं नाही म्हणून. मला सांगितलंही नाही.

त्यावर पाच कमळं आली आहेत. खाली बसून नीट बघितलं. जिथून पानं आपसूक गळली होती त्या जागा गुळगुळीत, तिथे दोनच. आणि कात्रीने छाटलेल्या पानांची बुडं खोडावरच राहिली होती ना, वाळून खवल्यांसारखी झालेली, त्यातल्या तीन खवल्यांच्या बगलेतून एकेक कोंब वर आलाय. चौथ्या खवल्याशी फक्त हिरवा ठिपका दिसतोय, टाचणीच्या डोक्याएवढा.

काकू, फोटो टाकलाय. तो चौथा ठिपका कोंबच आहे ना?

निवृत्त_चॉक
२ मार्च, संध्याकाळी ७:१०

कोंबच आहे. सासूबाईंना नमस्कार सांग, आणि त्या पणतीला आठवडाभर पाणी घालू नकोस.